साच्यावर डुलणारी कवळी

कवळी तक्रार घेऊन परत आली की मी आधी माणसावर संशय घेते, मग मापावर, मग प्लास्टरवर, आणि अगदीच काही उरलं नाही तर स्वतःवर. स्वभावच तसा. माहेरी आई म्हणायची, हिच्यासमोर देव उभा राहिला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल.

नया बाजारात कापडाच्या एका दुकानावर आमची डेंटल लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही त्यावरून दात करून देतो. पेशंट आम्हाला दिसतच नाही. दिसतो तो प्लास्टरमध्ये उतरलेला त्याचा जबडा. पण तेवढं पुरतं. कोण एकाच बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, कुणाचा दात कलंडलाय आणि तो म्हणतोय की काही होत नाही, सगळं कळतं. तोंडाने माणूस वाट्टेल ते सांगतो. "पडली नाही हो, आपोआप तुटली." आपोआप काही तुटत नाही.

तर सासूबाईंची कवळी. पूर्ण नव्हे, काढता-घालता येणारी अर्धी. त्यांच्या वरच्या दाढा दोन्हीकडच्या गेल्या होत्या. पुढचे दात आणि दोन्ही सुळे शाबूत, पण डावा सुळा जरा हलणारा. अशा तोंडात दाढांच्या जागी खोटे दात बसवायचे, ते धरून ठेवायला टाळूला चिकटून बसणारी गुलाबी पट्टी करायची, आणि ती पट्टी खाली येऊ नये म्हणून दोन्ही सुळ्यांना तारेचे हुक अडकवायचे. फूलबागेजवळच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "माताजी, यह बाएँ वाला संभालकर रखना है। यह गया तो सहारा गया।"

सासूबाईंना हे सांगायला नको होतं. त्यांना मरणाची भीती नाही, दात जायची आहे. त्यांच्या आईच्या अस्थी वेचताना भावाला एकही दात मिळाला नव्हता. ती गोष्ट त्यांच्या मनाने अशी घेतली की काही विचारू नका. "दाढा गेल्या त्या गेल्या," म्हणायच्या, "पण उरलेत ते घेऊनच मी जाणार. देवाने दिलेलं त्याचं त्याला परत. यातला एकही मी सोडायची नाही."

आमचं सासर म्हणजे इथल्या राजाच्या दरबारी पौरोहित्यासाठी दक्षिणेतून या हिंदी मुलखात आलेलं घराणं. दरबार गेला, पौरोहित्य गेलं, नवरा विमा कंपनीत चिकटला, राहिलं फक्त सासूबाईंचं सोवळं. फ्लॅटमध्ये कसलं सोवळं, असं कुणी म्हणेल. त्याने येऊन बघावं. सकाळी माझा डबा भरून दिला की त्यांची आंघोळ, मग रेशमी नेसून त्या स्वयंपाकघरात शिरल्या की नैवेद्य दाखवून होईपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मी तोवर लॅबला निघून जायची.

डब्याचं सांगितलं पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंनी मला पोळीला हात लावू दिला नाही. "तू दमून येतेस, बस," असंच म्हणत आल्या. माझ्या मैत्रिणी जळायच्या. मी पण जिथे तिथे सांगायची, अशी सासू शोधून मिळणार नाही म्हणून. इतकी संशयी मी, पण तिथे मात्र मला कधी काही खटकलं नाही.

कवळी मीच करायची हे ठरलेलंच होतं. माप आलं, साचा ओतला, तो सर्व्हेयरवर चढवला. हे एक छोटं उभं यंत्र असतं. त्याची शिशाची कांडी दाताच्या अंगाला टेकवून फिरवली की दात सगळ्यात फुगीर कुठे आहे ती रेघ उमटते. हुकाचं टोक त्या रेघेच्या जरा खाली जायला हवं, नाहीतर पकड येत नाही. फार खाली गेलं तर काढता-घालताना रोज दाताला हिसका. डाव्या सुळ्यासाठी मी तार मुद्दाम बारीक आणि लांब ठेवली, म्हणजे ती लवेल पण ओढणार नाही. मग मेणात दात रचले, डॉक्टरांनी तोंडात घालून पाहिले, ठीक म्हणाले.

पुढचं काम लॅबमधले भैया करतात. ते मेणाचं सगळं एका पितळी डबीत प्लास्टर घालून गाडायचं, गरम पाण्याने मेण वितळवून काढायचं, राहिलेल्या पोकळीत ॲक्रिलिकची गुलाबी कणीक दाबून भरायची, डबी शिकंज्यात आवळायची आणि पाण्यात शिजवायची. पार गार झाल्याशिवाय उघडायची नाही.

हे सगळं मी घरी चहा पिताना सासूबाईंना सांगितलं, कारण त्या विचारत होत्या. संशय घेण्यात आम्ही दोघी सख्ख्या बहिणी शोभू.

"ते दात कुणाचे असतात?"

"कुणाचे नाही, आई. कारखान्यात तयार होतात."

"नक्की ना? मेलेल्या माणसाचे नाहीत?"

"नाही हो."

"आणि ते गुलाबी? त्यात चरबी-बिरबी?"

"प्लास्टिकचा प्रकार आहे तो. शुद्ध शाकाहारी."

"आणि ते उकळत्या पाण्यात शिजवता?"

"हो."

"बरं," म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.

कवळी क्लिनिकमध्ये घातली तेव्हा अशी चपखल बसली की डॉक्टरांनी मला फोन करून शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले तर सासूबाई गालाला हात लावून बसलेल्या. टोचतेय. डॉक्टरांनी थोडं घासून दिलं. तरी टोचतेय. पुन्हा घासलं. आता टोचतेय आणि हलतेय. डॉक्टर म्हणाले, इसे लॅब ही ले जाइए.

लॅबमध्ये मी ती तिच्याच साच्यावर ठेवली. बोटाने एका बाजूला दाबली तर दुसरी बाजू उचलली जाई. पाय लहान-मोठे झालेल्या पाटासारखी डुलत होती.

इथे माझे कान टवकारले. माप चुकलं असेल तर कवळी तोंडात बसत नाही, पण साच्यावर बसतेच, कारण ती साच्यावरूनच केलेली असते. जी निघताना साच्यावर बसत होती ती आता बसत नाही, म्हणजे ती लॅबमधून बाहेर पडल्यावर वाकडी झाली. शिवाय गुलाबी रंगावर पांढुरकी झाक होती. पाणी कुठेतरी मुरत होतं.

पहिला संशय भैयांवर. डबी गरम असताना उघडली की ॲक्रिलिक आतून ताणलेलं राहतं आणि नंतर मनाला येईल तसं वळतं. मी त्यांना विचारलं. ते हातातलं काम खाली ठेवून म्हणाले, "भाभी, ठंडी करके ही खोली है। कोई भी चीज़ बिगड़े, आप सबसे पहले हमारी तरफ़ ही क्यों देखती हैं?"

दुसरा संशय डॉक्टरांवर. हुक आवळताना स्पिरिटचा दिवा जवळ नेला असेल. त्यांनी शपथेवर सांगितलं, दिवा पेटवलाच नाही. मग मी ॲक्रिलिकच्या पावडरीचा डबा बदलला, नवीन माप मागवलं आणि अथपासून इतिपर्यंत सगळं स्वतः केलं. शिकंजासुद्धा मीच आवळला. भैया बाजूला उभे राहून बघत होते, ते जास्त लागलं.

दुसरी कवळीही चपखल बसली. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गालाला हात.

या भानगडीत तो डावा सुळा भोगत होता. वाकडी कवळी प्रत्येक घासाला त्याला खाली खेचायची. डॉक्टरांनी चिमट्याने हलवून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यानंतर टीव्ही बघताना, जप करताना, बोलता बोलता त्यांचं बोट सारखं त्या दातावर. तिथेच आहे ना, गेला नाही ना, असं तपासत राहायच्या. खाणं कमी केलं. ब्लाउज सैल झाले. मी आतून चिडत होते आणि घाबरतही होते, दोन्ही एकदम.

नवऱ्याला सांगितलं तर तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "अगं, आदत हो जाएगी आईला. तू फालतूचं टेन्शन घेतेस."

मग माझ्या डोक्यात तो विचार आला. चूक लॅबची नाही, क्लिनिकची नाही, तर उरलं कोण? घरात कवळीला हात लावणारं एकच माणूस. मला वाटलं, या मुद्दाम करतायत. सुनेच्या कामात खोट काढायची, पण तोंडाने बोलायचं नाही. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात तसं. इतक्या वर्षांत त्या मला कधी उलटं बोलल्या नव्हत्या, आणि आता तेच मला संशयास्पद वाटायला लागलं. कोणती सासू कधीच उलटं बोलत नाही?

तिसऱ्यांदा कवळी नीट करून आणली. क्लिनिकमध्ये बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा डबा घेतला, "येते आई" म्हटलं, दार ओढलं आणि खालच्या मजल्याच्या जिन्यात बसून राहिले. वरच्या-खालच्या माणसांनी विचारलं, काय झालं, तब्येत ठीक आहे ना? म्हटलं, जरा चक्कर आली. आंघोळ होऊन त्या सोवळं नेसल्या असतील इतका वेळ गेला तेव्हा उठले, किल्लीने हळूच दार उघडलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले.

गॅसवर छोटं पितळी पातेलं. पाणी खदखदत होतं. सासूबाई समोर उभ्या राहून पुटपुटत स्तोत्र म्हणत होत्या. आणि पाण्यात माझी कवळी गरगर फिरत होती.

"आई, हे काय करताय?"

त्या दचकल्या, पण पातेलं काही लपवलं नाही. "शुद्ध करतेय," म्हणाल्या.

"उकळत्या पाण्यात? अहो, ती वाकडी होते अशाने."

"तूच म्हणालीस, उकळत्या पाण्यात होते म्हणून."

"तेव्हा ती डबीत आवळलेली असते, जागची हलू शकत नाही. इथे मोकळी आहे. गरम झाली की वाट्टेल तशी वळते." मग माझ्या लक्षात आलं की भांडायचं कारणच नाही. सोवळ्याचाच प्रश्न असेल तर सोपा आहे. मी आवाज खाली आणला. "सोवळ्यात तोंडात नको असेल तर काढून बाहेर ठेवा ना. मी एक वाटी देते."

"सोवळ्यात मी घालतच नाही ती," म्हणाल्या. "रोज नाही उकळत. लॅबमधून आली की एकदाच."

मला अजूनही कळलं नाही. किंवा कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. "लॅबमधून आली की का?"

त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिवसभर कुणाकुणाच्या तोंडातलं धरून बसतेस. कोण कुठला, कोण कसला. त्याच हाताने हे करतेस. ते मी तोंडात कशी घालू?"

"मी हात धुते, आई."

"धुत असशील."

मग डब्याचं माझ्या डोक्यात शिरलं. डबा, पोळ्या, सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक, "तू दमून येतेस, बस". मी उंबऱ्यावर उभ्या उभ्या विचारलं, "म्हणून मला कधी स्वयंपाक करू दिला नाही?"

त्या गप्प राहिल्या. आमच्या घरात गप्प राहणं म्हणजे होच.

रडू नाही आलं. राग आला, असा की कानशिलं तापली. मी म्हटलं, "तुमचा सुळा माझ्या हाताने हलला नाही, तुमच्या या पाण्याने हललाय. मी तो वाचवायला बारीक तार घातली. तुम्ही कवळी उकळून उकळून तो सैल केलात." एवढं बोलून मी चप्पल घातली आणि लॅबला गेले. डबा घरीच ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या हातचा डबा नेलाच नाही. सकाळी लवकर उठून, त्यांच्या आंघोळीच्या आधी, माझ्या दोन पोळ्या मी लाटायची, त्यांच्या समोर, त्यांच्याच पोळपाटावर.

नवरा म्हणाला, "आई जुन्या विचारांची आहे, समझा करो." मी म्हटलं, मी पण काही फार नवी नाही, मलाही राग जुन्या पद्धतीनेच येतो.

सासूबाईंनी कवळी काढून ठेवली. पातेलं पुन्हा गॅसवर चढलं नाही, कारण त्यात घालायला काही नव्हतं. मऊ भात आणि ताक यावर राहू लागल्या. बोट मात्र दातावर. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण मी बोलले नाही. त्यांनी बोलायला हवं होतं.

एका रविवारी दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. सासूबाई आतून आल्या, तोंडाला पदर. मला वाटलं, पाणी हवंय. त्यांनी माझा उजवा हात ओढला, ओल्या कपड्याचा पिळा त्यातून काढून बादलीत टाकला आणि तळहातावर काहीतरी ठेवलं. सुळा होता. मुळाशी रक्त लागलेलं. धुतलाही नव्हता.

"भात खाताना आला," म्हणाल्या. पदरामागून आवाज नीट येत नव्हता. "हाच बसव."

"कशात?"

"नवी करशील त्यात. खोटा नको. माझाच हवा."

लगेच विरघळणाऱ्यातली मी नाही. मनात आलं, आता दुसरं कुणी करणार नाही म्हणून आल्या असतील. म्हणून विचारलं, "माझ्या हातून चालेल?"

"दात कुणाच्या हातात दिलाय मग?" असं म्हणून त्या आत गेल्या, आणि रक्त माझ्या तळहातावर सुकत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, होऊ शकतं. स्वतःचा दात मूळ कापून कवळीत बसवतात कधीकधी, फार काळ टिकेल याची हमी नाही एवढंच. यावेळी मी आराखडा सगळाच बदलला. आधार द्यायचा सुळा गेल्यावर भार एका-दोघांवर टाकून चालणार नव्हतं, उरलेल्या प्रत्येकाला थोडा थोडा वाटून द्यायला हवा होता. त्यासाठी धातूचा सांगाडा लागतो, पातळ आणि न लवणारा. मेणाच्या बारीक पट्ट्यांनी मी तो साच्यावर रचला. दातांच्या मागच्या अंगाला टेकायला छोटे पाय दिले, म्हणजे चावताना पट्टी हिरडीत रुतणार नाही. मग ते मेण साच्यात गाडून जाळून टाकायचं आणि त्याच्या जागी वितळलेला धातू ओतायचा, सराफ्यात दागिना ओततात तसंच. ओतकाम भैयांनी केलं. मी त्यांच्यावर नजर ठेवली नाही. त्यांना ते जाणवलं असावं, कारण सांगाडा घासून हातात देताना म्हणाले, "देख लीजिए भाभी, नहीं तो रात को नींद नहीं आएगी।"

सासूबाईंचा दात कापताना मात्र मी कापायची चक्री दोनदा बंद करून ठेवली. आयुष्यात किती दात घासले असतील, पण सगळे कारखान्यातले. हा पिवळसर होता, टोकाला झिजलेला, एका बाजूला बारीक तडा. ज्या दातावर इतके दिवस बोट ठेवून बसल्या त्यावरच मी चक्री फिरवत होते. मूळ वेगळं केलं, आतली पोकळी साफ करून भरली, आणि दात गुलाबी ॲक्रिलिकमध्ये त्याच्या मूळच्या तिरकेपणासकट बसवला. मूळ एका डबीत घालून घरी आणलं. सासूबाईंनी डबी उघडून पाहिली आणि कपाटात ठेवली, शेवटच्या प्रवासासाठी म्हणून वेगळी काढलेली साडी आहे तिच्या घडीत.

"बाकीचा आहे ना कवळीत?" एवढंच विचारलं.

"आहे."

क्लिनिकमध्ये मी बरोबर गेले. एरवी जात नाही, आमचं काम लॅबपर्यंतच असतं. सासूबाई खुर्चीत मागे टेकून बसल्या. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, कवळी उचलली आणि पुढे वाकले. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"माताजी, मुँह खोलिए।"

त्यांनी मानेने नाही म्हटलं आणि माझ्याकडे बोट केलं. "इसे लगाने दीजिए."

डॉक्टर हसले, बाजूला झाले. "आइए, आप ही लगाइए, बनाई भी आपने है." त्यांनी कवळी माझ्या हातात दिली आणि हातमोज्यांचा डबा पुढे केला.

मी सासूबाईंच्या डोळ्यांत बघितलं. मला अजून खात्री नव्हती. एक मोजा काढायला मी हात घातला तेवढ्यात त्यांनी डबा मनगटाने बाजूला सारला.

"रहने दीजिए, डॉक्टर साहब. घर का हाथ है," म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.